मधल्या वर्तुळातली गाय

त्या रविवारी आम्ही लातूरकडून हरलो. सामना संपल्यावर मामांनी गळ्यातली शिट्टी काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि ते घरी गेले. त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात ते वारले.

ते माझे मामा नव्हते. ज्यांना ज्यांना ते ओळखत त्या सगळ्यांचेच ते मामा होते. खरा भाचा मात्र मी त्यांच्याकडे कधी पाहिला नाही. मी नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, म्हणून ते मला ‘पुस्तकवाले’ म्हणत. आमच्या बास्केटबॉल क्लबचा मी चिटणीस होतो. खेळाशी माझा संबंध पाहण्यापुरता. पण संस्थेला इतिवृत्त लिहिणारा एक माणूस लागतो, आणि त्याला खेळता आलं पाहिजे असं घटनेत कुठं म्हटलेलं नाही. तसं पाहिलं तर खेळाडू सोडून बाकी सगळ्यांची सोय त्या घटनेत नीट केलेली होती. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सल्लागार, मार्गदर्शक, आधारस्तंभ. फोटोच्या वेळी पदाधिकारी खुर्च्यांवर बसत, त्यांचे पाहुणे मागे उभे राहत आणि खेळाडू पुढे जमिनीवर. काही फोटोंत खेळाडूंची फक्त डोकी आली आहेत.

मामा प्रशिक्षक होते. बास्केटबॉल ते आयुष्यात एकदाही खेळले नव्हते.

मूळचे देगलूरचे, तेलंगणाच्या हद्दीजवळचे. नोकरी पशुसंवर्धन खात्यात. सरकारी कागदावर पद ‘व्रणोपचारक’, म्हणजे जनावरांच्या जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा. निम्मी नोकरी जळकोटकडच्या खेड्यापाड्यांत गेली, उरलेली नांदेडात. आमच्या मैदानावर ते आले ते एका गायीसाठी. खुरात खिळा गेलेली एक मोकाट गाय लंगडत आली आणि मैदानाच्या बरोबर मधल्या वर्तुळात बसली. पोरांनी दवाखान्यात कळवलं. मामा पिशवी घेऊन आले, खिळा काढला, पट्टी बांधली आणि म्हणाले, “हिला उठवायचं न्हाई. बसू द्या चार रोज.”

“मामा, आन आमची प्रॅक्टिस?”

“करा की. गाय नको म्हणली का?”

पोरं गायीभोवती खेळली. मामा रोज पट्टी बदलायला येत आणि पट्टी बदलून झाली की कठड्यावर बसून बघत. गाय बरी होऊन निघून गेली, मामा राहिले. त्यांनी आमच्या तेव्हाच्या कप्तानाला बोलावून सांगितलं, “तू गायीकडं बघून गायीला चुकवतोस. तो पलीकडचा बारका हाय न्हवं, तो गायीकडं न बघता चुकवतो. चेंडू त्याला देत जा.” पोरांनी तसं केलं आणि त्या वर्षी आम्ही जिल्ह्यात पहिले आलो. समोरचा निम्मा संघ जीपसकट वाटेत बंद पडला होता हे त्याचं खरं कारण. पण ते कळेपर्यंत मामांची नेमणूक झाली होती.

गायीच्या जागी त्यांनी पुढे प्लास्टिकची एक खुर्ची आणून ठेवली. तिला ते गायच म्हणत. “गाय मांडा रे,” म्हटलं की खुर्ची वर्तुळात यायची आणि सराव सुरू व्हायचा. एखाद्याचा पाय खुर्चीला लागला की शिट्टी. “अय्यो! गायीला लाथ मारलास. माफी माग.” आणि इंजिनिअरिंगला शिकणारी पोरं हात जोडून खुर्चीची माफी मागत.

खेळातल्या जागांची इंग्रजी नावं मामांना येत नव्हती असं नाही. त्यांना ती पटत नव्हती. खेळाडूंची वर्गवारी ते दातांवरून करत, बैलबाजारात करतात तशी. दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन पक्के दात आलेला दुसा, चार आलेला चौसा, आणि सगळे दात येऊन बसलेला, ज्याचं वय आता तोंडात बघून सांगता येत नाही, तो जुळलेला. संघात येऊ पाहणाऱ्या पोराला ते आधी पळायला लावत नसत. “आ कर,” म्हणत. एका डॉक्टरांचा मुलगा आला तेव्हा डॉक्टर चिडले. “हे काय चालवलंय? माझा मुलगा बैल आहे का?”

मामा पोराच्या दाढा बघत शांतपणे म्हणाले, “अजून न्हाई. करून राहिलो.”

त्यांचं हे शास्त्र बहुतेक वेळा चुकायचं. ज्याच्या दाढा पाहून त्यांनी “हा जन्मभर खेळणार” असं सांगितलं, तो दिवाळीनंतर मोबाइलच्या दुकानात बसू लागला. दुखऱ्या गुडघ्यांना ते जनावरांना लावायचं टर्पेंटाइनचं तेल चोळत. आमचा संघ मैदानात उतरला की त्या वासानं प्रेक्षकांतली शेतकरी मंडळी घरच्या जनावरांच्या आठवणीनं अस्वस्थ होत. तरीही पोरं पहाटे यायची. पालकांना आणि पदाधिकाऱ्यांना ती घाबरत नसत. मामांनाही घाबरत नव्हती, पण मामांच्या आधी मैदानावर पोचायची त्यांच्यात चढाओढ असे. ही गोष्ट मला आजही नीट समजावून सांगता येत नाही.

एका बाबतीत मात्र मामा दगडासारखे होते. ते सत्कार घेत नसत.

आमच्याकडे सत्कार हवामानासारखा असतो. कुठून येईल आणि कुणावर पडेल, सांगता येत नाही. उद्घाटनाला आलेल्याचा सत्कार, त्याला घेऊन आलेल्याचा सत्कार, माइक लावणाऱ्याचा सत्कार. शाल आणि नारळ घेऊन कुणी मैदानाच्या फाटकातून आत आलं की मामा गायब होत. मैदानाच्या कडेला सिमेंटची पाण्याची टाकी होती, तिच्यामागे जाऊन उभे राहत. निवेदक तीनतीनदा त्यांचं नाव पुकारी. शेवटी शाल दुसऱ्या कुणाला तरी घालावी लागे. घालून घेणारा नेहमी सापडत असे.

मी एकदा टाकीमागे गेलो आणि विचारलं, “मामा, एवढं काय? शालच तर आहे.”

“पुस्तकवाले, पोळ्याला बैलाला काय घालतेत?”

“झूल.”

“आन त्या रोजी त्याला जुंपतेत का?”

“नाही.”

“मग झालं. झूल घातली की काम बंद. मला अजून काम हाय.”

मी हसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तीही हसली. मामांच्या बोलण्यातला विनोद कुठं संपतो आणि नियम कुठं सुरू होतो, हे आम्हाला कळायचं नाही. त्यांच्या लेखी त्यात विनोद नव्हताच.

आता लातूर. नवं महसूल आयुक्तालय नांदेडला व्हावं की लातूरला, हा आमच्या भागातला जुना वाद. पुढारी तो भाषणांत खेळतात, आम्ही तो मैदानावर खेळत होतो. विभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात समोर लातूर यायचं आणि आम्ही हरायचो. हरण्याचं कारण एकच माणूस होता, त्यांचा कप्तान. औशाचा. उंची बेताची, कपाळाला भस्म, पळणं बैलगाडीच्या वेगाचं. पण चेंडू कुठं जाणार आहे ते त्याला चेंडूच्या आधी कळायचं. आम्ही त्याला नावानं ओळखत नव्हतो. आमच्यासाठी तो ‘लातूरकर’. मामा त्याला वर्षानुवर्षं शिव्या देत आणि सामना संपला की म्हणत, “गायीकडं बघतच न्हाई बघा तो.”

मग एके दिवशी बातमी आली की लातूरच्या क्लबनं त्याला निरोप दिला. वय झालं म्हणून.

मामांनी दुसऱ्या दिवशी मला कॉलेजातून उठवलं आणि आम्ही एसटीनं औशाला गेलो. बाजाराजवळ त्याचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. तो गल्ल्यावर बसून चहा पीत होता.

“या की, बसा. काय देऊ? बियाणं का खत?”

“माणूस पाहिजे,” मामा म्हणाले. “आ कर.”

लातूरकरानं माझ्याकडे पाहिलं. मी खताच्या पोत्यावरची सूचना वाचू लागलो. त्यानं कप खाली ठेवला आणि तोंड उघडलं.

“जुळला की रे कवाच. वय किती?”

“दातावरनं सांगा की मामा. तुमची ख्याती आमच्याकडं बी हाय.”

“आता सांगता येत न्हाई. तेच तर म्हणून राहिलो.” मामा खाली बसले आणि त्यांनी त्याचा गुडघा दाबला. “दुखतंय?”

“लई.”

“कवापासनं?”

“निरोप दिल्यापासनं.”

“त्याच्या आधी?”

“आधी बी दुखत असंल. खेळत होतो, म्हून कळलं न्हाई.”

मग त्यानं ती हकिकत सांगितली. वार्षिक कार्यक्रम म्हणून त्याला बोलावलं होतं. तो कप्तान म्हणून चार शब्द बोलायची तयारी करून गेला. स्टेजवर पाहतो तर मागच्या बॅनरवर त्याचाच फोटो आणि वर ‘भावपूर्ण निरोप’. “बायको पुढच्या रांगेत बसलेली. मला म्हणली, ‘तुमी मला सांगितलं न्हाई.’ म्हणलं, ‘बाई, मला बी आताच कळलं.’ तवर गळ्यात शाल आली. आता शाल घातल्यावर भांडायचं कसं?”

मामा उठले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. “झूल घालून बाजारात काढला तुला,” ते म्हणाले. “नांदेडला येतोस का?”

“यायचंच हाय. पोराला तिकडं क्लासला घातलाय. खोली करून राहणार हाव आमी, दुकान भाऊ बघंल.”

सारा मराठवाडा पोरं घेऊन लातूरला क्लासला जातो, आणि लातूरचा कप्तान पोराला घेऊन नांदेडला निघाला होता. परतीच्या एसटीत मामा त्यावर बराच वेळ हसत होते.

संघात त्याला घ्यायचं की नाही, यासाठी बैठक झाली. आमच्या बैठका अध्यक्षांच्या मंगल कार्यालयात होत. लग्नाची तिथी नसली की स्टेजवरच्या नवऱ्यामुलाच्या खुर्चीत अध्यक्ष बसत आणि शेजारच्या नवरीच्या खुर्चीत कार्याध्यक्ष. दोघांचं एकमेकांशी पटत नसे, त्यामुळे बघणाऱ्याला ते लग्न बरंच जुनं वाटायचं.

कार्याध्यक्ष विरोधात होते. त्यांच्या मनात ट्रॅकसूट घालणारा, प्रमाणपत्रवाला नवा प्रशिक्षक आणायचा होता आणि मामांचा प्रत्येक शब्द त्यांना खुपत होता. “म्हातारा झाला म्हणून लातूरनं टाकलेला माणूस आपण उचलायचा? आपल्या नांदेडात काय पोरं न्हाईत?”

“हायेत,” मामा म्हणाले. “सगळी आदत. गोऱ्हा पहिल्यांदा जुंपताना दुसऱ्या गोऱ्ह्यासंगं जुंपतेत का? दोघं मिळून खड्ड्यात जातील. एका बाजूला जुना लागतो. जुना वढत न्हाई लई. पण कुठं वळायचं ते त्याला ठावं असतं. बाजूचा शिकतो.”

“आन विकलेला बैल जुन्या दावणीला परत जातो, हे बी तुमीच सांगत असता ना?”

“जातो.”

“मग?”

“वाट विसरला की आपला.”

“किती रोजात विसरतो?”

“ते बैलावर हाय,” मामा म्हणाले, आणि कार्याध्यक्षांनी विजयी मुद्रेनं सभेकडे पाहिलं. तेव्हा मामा उभे राहिले. “ऐका. त्याला घ्या. लातूरला हरवतो. न्हाई हरवलं, तर शिट्टी ठिवतो.”

मामांना मूलबाळ नव्हतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मामी सांगत, “घरी ते जेवायला आणि रुसायला येतेत, बाकी तिकडंच.” शिट्टी ठेवायची म्हणजे काय ठेवायचं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. कार्याध्यक्षांनी लगेच विरोध मागे घेतला.

अध्यक्ष इतका वेळ मोबाइल बघत होते. त्यांनी मान वर केली. “लातूरचा कप्तान आपल्याकडं आला, म्हणजे लातूरचं नाक कापलं का न्हाई?”

“कापलं,” सगळे म्हणाले.

“त्याचा सत्कार करता येईल ना?”

“येईल की साहेब.”

“मग घ्या.”

मी इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ असं लिहिलं.

लातूरकर आला. मामांनी त्याला आमच्या सगळ्यात चांगल्या पोराच्या जोडीला जुंपलं. हे मी शब्दशः म्हणतो. त्या पोराला मामा नुसतं ‘आदत’ म्हणत. डोक्याला पट्टी, हातात कायम मोबाइल, चेंडू टाकला की आधी आपला व्हिडिओ निघाला का ते बघणार. मामांनी आपल्या उपरण्याचं एक टोक त्याच्या मनगटाला बांधलं, दुसरं लातूरकराच्या, आणि दोघांना गायीभोवती पळवलं. आदत ओढायचा, लातूरकर आपल्या चालीनं यायचा.

“मामा, हे म्हातारं पळंनाच!”

“तू थांबंनास, ते बघ.”

पहिले काही दिवस आदत रोज संघ सोडून जायचा आणि रोज पहाटे परत यायचा. मग एका सकाळी त्यानं उपरणं ओढलं नाही. लातूरकर ज्या बाजूला वळला, त्या बाजूला तो आधीच वळलेला होता. कठड्यावर मामांनी माझा दंड धरला. त्या दिवसापासून उपरणं बंद झालं. पोरं लातूरकराला ‘दादा’ म्हणू लागली. लातूरची पोरंही त्याला हेच म्हणत होती, पण हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता आणि समोर लातूर. दोन्ही संघ अंग गरम करून तयार होते. फाटकापासून मैदानापर्यंत अध्यक्षांचे फोटो होते, एका कोपऱ्यात चेंडूचाही होता. प्रमुख पाहुणे वाटेत होते. पाहुणे वाटेत आहेत असं निवेदकानं इतक्यांदा सांगितलं की लोकांना त्या वाटेची काळजी वाटू लागली. शेवटी ते आले आणि सत्कार सुरू झाले.

लातूरकराला पळता पळता स्टेजवर बोलावलं. फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला आणि खुर्चीत बसवलं. मग भाषणं. एकानं त्याला बास्केटबॉलमधले भीष्माचार्य म्हटलं. दुसऱ्यानं, त्यानं आता नव्या पिढीला आशीर्वाद द्यावेत असं सांगितलं. पाहुण्यांनी त्याच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना केली. लातूरकर हात जोडून बसला होता, आणि मला गुणलेखकाच्या टेबलावरून त्याचे गुडघे गार होताना दिसत होते. मामांचंही नाव पुकारलं. मामा टाकीमागे होते.

पंचांनी संघ बोलावले तेव्हा मामा बाहेर आले. लातूरकर फेट्यासकट त्यांच्यासमोर उभा राहिला. मामांनी त्याला खालपासून वर पाहिलं.

“बस,” ते म्हणाले.

“मामा?”

“झूल घातली. आज तुझा पोळा. जुंपत न्हाई.”

आम्हाला वाटलं गंमत करतायत. मामांनी दुसरं पोरगं आत पाठवलं आणि खेळ सुरू झाला.

अध्यक्ष धावत आले. “मामा, काय करलालाव तुमी? बॅनरवर त्याचा फोटो हाय!”

“मग बॅनर खेळवा. मी सांगितलं होतं का झूल घाला म्हणून?”

“अवो, तुमी शिट्टी लावलीय पणाला!”

“माझी हाय. लावली.”

खरं सांगायचं तर पोरं फार छान खेळली. आदत त्या दिवशी मोबाइलवाला पोरगा नव्हता. न बघता चेंडू देत होता, थांबत होता, वळत होता. त्याच्या शेजारी कुणी अदृश्य माणूस जुंपल्यासारखा. तीन डाव आम्ही पुढे होतो. चौथ्यात पोरांचा दम सरला. लातूर बरोबरीला आलं, मग पुढे गेलं. मामा कठड्याला धरून उभे होते. त्यांच्या ओठांत शिट्टी होती, पण ती वाजत नव्हती.

लातूरकर उठला. त्यानं फेटा काढला. शाल काढली, नीट घडी घातली आणि बाकावर ठेवली. मामांच्या समोर आला.

“झूल काढली मामा.”

“काढून चालत न्हाई. उद्या.”

“उद्या सामना न्हाई.”

“नियम हाय.”

लातूरकर एक पाऊल पुढे आला. मग हळूच म्हणाला, “मामा, मी बैल न्हाई.”

मी तिथंच होतो, म्हणून सांगतो. मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याला ते पहिल्यांदा बघत होते. एवढ्या वर्षांत त्यांना हे डॉक्टर बोलले होते, कार्याध्यक्ष बोलले होते, पण चिडून. कुणी असं माहिती दिल्यासारखं सांगितलं नव्हतं.

“न्हाई म्हणतोस?”

“न्हाई.”

“मग जा.” आणि नांदेडच्या पोरांना पाठ असलेला त्यांचा तेलुगू शब्द ते ओरडले, “पो!”

तो लंगडत आत गेला. पुढचा खेळ मी लिहून ठेवू शकलो, पण वर्णन करू शकत नाही. तो पळत नव्हता. तो फक्त असायला हवं तिथं असायचा आणि चेंडू तिथं यायचा. आम्ही पुन्हा एका गुणानं पुढे गेलो. थोडेच क्षण उरले होते. चेंडू लातूरकराच्या हातात होता. त्यानं नुसता धरून ठेवला असता तरी संपलं होतं. डावीकडून लातूरचा नवा कप्तान धावत आला. त्याला लहानपणापासून यानंच शिकवलेलं. त्यानं हात वर केला आणि सवयीनं ओरडला, “दादा!”

लातूरकरानं न बघता चेंडू त्याला दिला.

इतका सुंदर पास त्या मैदानावर मी पाहिलेला नाही. चेंडू हातात आल्यावर तो पोरगाच आधी गोंधळला. मग त्यानं दोन पावलं टाकली आणि चेंडू बास्केटात गेला.

मैदानावर कुणी ओरडलं नाही. लातूरची माणसंसुद्धा नाहीत. लातूरकर हात तसेच पुढे धरून उभा होता. मामा कठड्यावर बसले आणि हसू लागले. खोकला येईपर्यंत हसले. “गेला,” ते म्हणाले. “दावणीला गेला.”

मग ते उठले, त्याच्याजवळ गेले आणि आपल्या उपरण्यानं त्याचं तोंड पुसलं. नंतर माझ्या टेबलाशी आले.

त्या संध्याकाळी अध्यक्षांनी ग्रुपवर ‘अंतिम फेरीत दमदार धडक’ असा मजकूर टाकला. महिन्याभरात प्रमाणपत्रवाले प्रशिक्षक आले. त्यांचाही सत्कार झाला.

मी मामांकडे अधूनमधून जात असे. ते ओट्यावर बसलेले असत. सामन्याचा विषय त्यांनी एकदाच काढला. “पुस्तकवाले, त्यानं मला सांगितलं, मी बैल न्हाई. मी ऐकलं. आन मग तो बैलासारखाच वागला. आता ह्यात खरं काय?”

आतून मामींचा आवाज आला, “मी लग्न झाल्यापासनं सांगून राहिले, मी गाय न्हाई म्हणून. माझं कवा ऐकलं का?”

मामा बराच वेळ विचार करत बसले. मग माझ्याकडे झुकून हलक्या आवाजात म्हणाले, “ही मात्र खरंच न्हाई.”

लातूरकर रोज संध्याकाळी त्यांच्याकडे येत होता. दोघं काय बोलत मला माहीत नाही. मामी म्हणायच्या, काहीच बोलत नाहीत, नुसते बसतात. शेवटच्या आजारात त्यांच्या गुडघ्यांना टर्पेंटाइन तोच चोळायचा.

मामा गेले त्या दिवशी सगळे पदाधिकारी आले. ज्यांच्या ज्यांच्या हातून मामा इतकी वर्षं निसटले होते, ते सगळे शाली घेऊन आले होते. एकावर एक शाली पडत गेल्या. मामा त्या दिवशी टाकीमागे जाऊ शकले नाहीत. तिरडी उचलायच्या आधी लातूरकर पुढे झाला आणि एकेक शाल काढून घडी घालू लागला. अध्यक्ष म्हणाले, “राहू द्या, फोटो व्हायचाय अजून.”

“मामांना काम हाय,” लातूरकर म्हणाला, आणि सगळ्या काढल्या.

प्रमाणपत्रवाले प्रशिक्षक पावसाळ्याआधीच दुसऱ्या शहरात गेले. लातूरकराच्या मुलाचा क्लास संपला, पण लातूरकरानं खोली सोडली नाही. कुणी नेमणूक केली नाही. तो पहाटे मैदानावर येतो. मामांची शिट्टी माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी त्याला ती देऊ केली, तो नको म्हणाला. तो तोंडानं वाजवतो. मधल्या वर्तुळात प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली असते. पोरं तिच्याकडे न बघता तिला चुकवतात.